ड लांब आहे

गंगावेशीत, संध्याकाळी, कट्ट्यावर दूध द्यायला निघालेल्या
एका म्हशीनं मला बाजूला सारलं.
रागानं नव्हे. वाटेत होते म्हणून.
सीपीआरमध्ये डॉक्टर म्हणाला, मनगटाजवळ दोन जागी,
सहा आठवडे.
मी विचारलं, आणि टायपिंग?
तो नुसता हसला.

नवव्या दिवशी दुकान उघडलं.
कसबा बावडा, कोर्टासमोरची रांग,
एका अंगाला झेरॉक्स, दुसऱ्या अंगाला कटवडा,
मध्ये मी. गळ्यात झोळी, झोळीत हात,
तान्ह्या बाळासारखा,
आणि बाळासारखाच दर दोन तासांनी जागा होणारा.

सव्वीस वर्षं बोटांना कधी विचारलं नव्हतं
कुठं काय असतं ते.
आता कळलं, वाटणी केव्हाच झालेली आहे.
काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे डाव्याकडे,
जड मंडळी जवळजवळ सगळी उजव्याकडे.
डाव्याच्या वाट्याला एक म, एक न,
आणि अक्षराचा पाय मोडायची कळ.
तेवढ्यावर तो लिहितो: मी. मन. मामा. आई. ऊन.
कोल्हापूर लिहायला गेलं की
चार खुणा उरतात, ठिपक्यांच्या गोलांना लोंबकळत.

बायाक्का आली मंगळवारी, भावाला घेऊन.
म्हणजे भाऊ तिला घेऊन.
हक्कसोडपत्र. शियेची जमीन, एकोणीस गुंठे, ऊस उभा.
जरा झटक्यात करा ताई, आनंदा म्हणाला,
दुपारी रजिस्टरला नंबर हाय.
मी प्लास्टर दाखवलं. तो चहाला गेला.
ती स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर,
पडद्यावर अक्षर येईल तसं मोठ्यानं वाचायला लागली.
सातवी शिकलेली.

मी.
मग तिचं नाव, मग माहेरचं आडनाव, माने.
ते एका दमात आलं,
उजवीकडं जावंच लागलं नाही.
सासरचं खोत शोधायला वेळ गेला.
बघ की, ती म्हणाली, माझं बी तसंच झालतं.

मग हक्क.
ह साठी हात पलीकडं, क साठी आणखी थोडा,
अलीकडं येऊन त्याचा पाय मोडला,
परत जाऊन दुसरा क.
एक मोडल्याला हाय न्हवं त्यातला?
हो.
मोडल्याबिगर लिव्हता येत न्हाई?
नाही, म्हटलं.

एरवी हा मजकूर मी अकरा मिनिटांत काढते,
डोळे पडद्यावर, जीव घरच्या गॅसवर.
‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’
माझ्या दोन्ही हातांना पाठ आहे.
मला नव्हतं.
आज स्वखुशी यायलाच वेळ लागला,
आणि प्रत्येक अक्षराला ती हं म्हणत गेली,
किराण्याची यादी तपासावी तशी.

‘सोडते’ शी आलो तेव्हा बारा वाजून गेले होते.
स. त्यावर काना, मात्रा. सो.
ड पार उजव्या काठावर.
डावा तिथं पोचतो, पण खांदा वळवावा लागतो,
आणि वळला की झोळीतला जागा होतो.
मी थांबले.
पडद्यावर ‘सो’, आणि पुढं ती उभी रेघ,
लागत, विझत, लागत.

दुखतंय?
थोडं.
मग ऱ्हाऊ दे की.

मला वाटलं हाताबद्दल बोलतेय.
तिनं पिशवीतली चार केळी टेबलावर ठेवली,
पायानं चपला चाचपल्या.
आनंदाला सांग, बाईचा हात मोडलाय.
हात बरा झाल्यावर बघू. लिव्हायचं तर हिच्याकडंच.
आणि स्टॉपकडं चालायला लागली.

आनंदानं मला शिव्या दिल्या नाहीत,
प्लास्टरकडं बघून दिल्या.

प्लास्टर गेल्या सोमवारी निघालं.
आत हात पांढरा, सोललेल्या उसासारखा.
रोज रबरी चेंडू दाबते, शंभरदा.
ड पर्यंत बोट आता न बघता जातं.
फाईल तशीच आहे, ‘सो’ पर्यंत.
दर दोन दिवसांनी आनंदाचा फोन येतो.
अजून दुखतंय, म्हणते मी.